कूतचा युद्धकैदी: नाव कुठे शोधायचं

[दृश्य: तैग्रीस नदीचं वळण, जुना लष्करी नकाशा]

29 एप्रिल 1916, पहिलं महायुद्ध. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत-अल-अमारा इथे ब्रिटिश जनरल टाउनशेंडनी तुर्कांपुढे शस्त्रं खाली ठेवली. जवळजवळ पाच महिने वेढ्यात अडकलेली ही फौज म्हणजे सहावी पुणे डिव्हिजन. तिच्या जुन्या तीन ब्रिगेडची नावं पुणे, अहमदनगर आणि बेळगाव, आणि तिन्हींत एकेक मराठा पलटण. पुणे ब्रिगेडमध्ये 117वी, अहमदनगरमध्ये 103वी, बेळगावमध्ये 110वी. सुमारे 13,000 माणसं कैद झाली. त्यांतले 10,000 च्या आसपास भारतीय होते. शिपाई तर होतेच, शिवाय भिस्ती, डोलीवाले, खेचरं हाकणारे.

यांतली बरीच माणसं कैदेत दगावली. का, याचं निम्मं उत्तर वेढ्यातच सापडतं. गोऱ्या शिपायांनी घोड्याचं मांस खाल्लं. भारतीय शिपायांतल्या बहुतेकांनी धर्मापायी ते नाकारलं. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानगीच्या तारा आल्या, तरी अनेकांनी ते तोंडाला लावलं एप्रिलमध्ये, आणि तोवर फार उशीर झाला होता. ताजी भाजी नाही, मांस नाही, म्हणून हिरड्या सुजून रक्त येणारा स्कर्व्ही भारतीय पलटणींत पसरला. गोऱ्यांना त्रास झाला तो बेरीबेरीचा, म्हणजे नसा आणि हृदय कमजोर करणाऱ्या रोगाचा, कारण सुरुवातीला त्यांची रोटी मैद्याची होती. कोंड्यासकट पीठ खाणारे भारतीय त्या रोगातून वाचले. एप्रिलच्या मध्याला रोजचं पीठ माणशी 5 औंसांवर आलं होतं, म्हणजे जेमतेम 140 ग्रॅम. त्यात दोन-तीन भाकरी होतील.

[दृश्य: शुमरानची छावणी दाखवणारा नकाशा]

शरणागतीनंतर सगळ्यांना नदीच्या वरच्या अंगाला शुमरानला नेलं. तिथे तुर्कांनी आपल्या फौजेतली बिस्किटं वाटली. जाडीभरडी, कोंडा मिसळलेली, दगडासारखी टणक. महिनोन् महिने उपाशी असलेल्या आतड्यांना ती झेपली नाहीत. नदीच्या गढूळ पाण्यात भिजवून खाल्ली, तरी ढाळ-वांत्या सुरू झाल्या आणि पहिल्याच आठवड्यात शेकडो माणसं गेली. तुर्कांचं सैन्यही त्याच बिस्किटांवर जगत होतं, तेव्हा इथे विष घातल्याचा संशय घेण्याचं कारण नाही. उपाशी पोटाला आधी पातळ पेज लागते. तेवढी व्यवस्था कोणी केली नाही.

मग ब्रिटिश अधिकाऱ्यांना बोटीनं बगदादला पाठवलं, आणि शिपायांना पायी. टाउनशेंडसाहेबांची रवानगी इस्तंबूलजवळच्या एका बेटावर झाली आणि युद्ध संपेपर्यंत त्यांचे दिवस बरे गेले.

शिपायांचा रस्ता असा: शुमरान ते बगदाद पायी. बगदाद ते समारा रेल्वेनं, कारण रूळ तिथेच संपत होते. पुढे तिक्रित, मोसुल, नुसायबिन आणि रास-अल-ऐन, म्हणजे मे-जूनच्या उन्हात 500 किलोमीटरांहून जास्त चाल. वाटेत भाकरीसाठी आधी अंगरखे विकले, मग बूट. बूट गेले की पाय फुटायचे, पाय फुटला की माणूस मागे पडायचा, आणि मागे पडलेला बहुधा पुन्हा दिसायचा नाही. रास-अल-ऐनला पोचलेल्या भारतीयांना बगदाद रेल्वेच्या रुळांवर कामाला लावलं. मेलेले आणि पत्ता न लागलेले मिळून भारतीयांचा आकडा अडीच ते तीन हजार धरला जातो.

[दृश्य: बसरा स्मारकाची छायाचित्रं]

यांची आठवण दक्षिण इराकमधल्या बसरा स्मारकावर आहे. ते 1929 मध्ये उघडलं आणि 1997 मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकुमानं मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर नव्यानं उभारलं. भिंतीवर ब्रिटिश सैनिक हुद्दा-नावासकट आहेत, भारतीय अधिकारीही आहेत. साध्या भारतीय शिपायांचा मात्र पलटणवार नुसता आकडा. आपल्याकडे अनेक गावांत 1914-1919 ची संगमरवरी पाटी दिसते, तिच्यावरही इतके गेले, इतके मेले, एवढंच. या समाध्या आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगाच्या (CWGC) समितीनं 2021 मध्ये हा भेदभाव मान्य केला.

पण नावं कागदावर आहेत. आयोगाच्या नोंदी संगणकावर खुल्या आहेत, आणि अनेक नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुकाही असतो.

शोधताना आडनावानं सुरुवात करू नका. शिंदेचं ‘सिंदे’, पवारचं ‘पोवार’, जाधवचं ‘जाधो’ झालेलं असतं. कारकुनानं कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलं. आधी पलटण निवडा, मग मृत्यूची तारीख 29 एप्रिल 1916 ते 1918 अखेर ठेवा, स्मारक बसरा ठेवा, आणि येणारी यादी गावाच्या नावावरून चाळा. जिल्हा जुना धरा: मालवण तेव्हा रत्नागिरीत, अलिबाग कुलाब्यात. कैदेत बेपत्ता झालेल्याची तारीख अंदाजानं लावलेली असू शकते, तेव्हा घरातली श्राद्धाची तिथी तिच्याशी जुळली नाही म्हणून नोंद टाकून देऊ नका. पलटणीत नाव नाही? मग इतर मराठा पलटणी पाहा, कारण भर म्हणून एकीचे शिपाई दुसरीत पाठवले जात. माणूस डोलीवाला किंवा खेचरवाला असेल तर तो पलटणीत मिळणारच नाही. डोलीवाल्यांचं आणि खेचरांचं दल वेगळं होतं.

[दृश्य: पदकाची कड, अगदी जवळून]

खात्री पदकावरून होते. युद्धपदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. शिपायांचं पदक चांदीचं, भिस्ती-डोलीवाल्यांचं ब्राँझचं. चांदीचं मोडीत निघालं नसेल, तर ब्रास्सो लावून घासू नका, अक्षरं झिजतात. कोरड्या मऊ फडक्यानं पुसा, तिरका उजेड टाकून फोटो काढा, नंबर नोंदीशी ताडून पाहा. नंबर जुळला आणि नाव चुकलेलं असेल, तर आयोगाकडे पुराव्यासह दुरुस्तीचा अर्ज करता येतो.