इंजिन खोलण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

"मॅडम, हेड गॅस्केट गेलंय. इंजिन तापलेलं असताना तुम्ही गाडी तशीच पळवलीत, त्यामुळे हेडही वाकलं असणार. हे वॉरंटीत बसत नाही. इंजिन खोलायला घेऊ का?"

सर्व्हिस सेंटरमधून मला आलेला हा फोन. हेड म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांवरचं धातूचं झाकण, आणि हेड गॅस्केट म्हणजे त्याच्या खालचा, गळती रोखणारा पातळ थर. मी "हो, घ्या" म्हणणारच होते. आपण सगळे तेच म्हणतो. गाडी त्यांच्या ताब्यात असते, आपली कामं खोळंबलेली असतात आणि इंजिनातलं आपल्याला कुठे काय कळतं! पण त्या "हो"आधी थांबायला हवं, आणि आज मी तुमच्याशी त्यावरच बोलणार आहे.

इंजिनात काय बिघडलं यावर भांडण क्वचितच होतं. भांडण होतं ते का बिघडलं यावर, कारण पैसे कोणी भरायचे हे त्यावर ठरतं. आणि त्या "का"चं उत्तर इंजिन खोलायच्या आधी जेवढं स्पष्ट असतं तेवढं नंतर कधीच नसतं. एकदा इंजिन उतरवलं, धुतलं, गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड स्कॅनरने पुसले, जुने भाग भंगारात गेले, की उरतो फक्त त्यांचा शब्द आणि आपला शब्द.

माझ्या बाबतीत झालं ते असं. चढावर तापमानाची सुई लाल पट्टीकडे सरकताना दिसली. मी लगेच गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. गरम इंजिनात कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, दाबाखाली असतं, झाकण उघडलं तर ते अंगावर उडतं. गाडी निवल्यावर बॉनेट उघडून पाहिलं, तर कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या जोडावरून खाली गेलेला हिरवट, वाळलेला ओघळ. बोटाने खरवडला तर मिठासारखी पूड निघाली. कूलंट हळूहळू पाझरून वाळलं की असाच थर मागे राहतो. म्हणजे गळती त्या दिवसाची नव्हती, बरेच दिवस चालू होती. आणि तो पंप याच सर्व्हिस सेंटरने दोन महिन्यांपूर्वी बदलला होता. मी त्या ओघळाचे चार फोटो काढले, मग गाडी टो करून पाठवली.

त्या फोटोंच्या जोरावर मी फोनवर म्हटलं, "थांबा. मी येते. तोवर काही खोलू नका."

गेल्यावर तीन गोष्टी मागितल्या. पहिली, स्कॅनरची प्रिंट. बिघाडाचा कोड नोंदला जातो त्या क्षणाचं तापमान, वेग आणि इंजिनाचे फेरे गाडीचा कॉम्प्युटर टिपून ठेवतो. कोड पुसला की तेही जातं. दुसरी, माझ्यासमोर कूलिंग सिस्टीमची प्रेशर टेस्ट. हातपंपाने सिस्टीममध्ये हवा भरतात आणि दाब उतरतो का, कुठून उतरतो, ते बघतात. दोन-चार मिनिटांतच पंपाच्या जोडावर थेंब जमायला लागले. बाहेरची गळती सगळ्यांना दिसली. तिसरी, जॉब कार्डवर, म्हणजे करायची कामं लिहून आपली सही घेतात त्या कागदावर, एक ओळ: काढलेले सगळे जुने भाग ग्राहकाला परत द्यायचे, ग्राहकाने पाहिल्याशिवाय हेड मशिनिंगला, म्हणजे तळ घासून सपाट करायला, पाठवायचं नाही.

ही तिसरी ओळ लिहायला सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर तयार नव्हते. मी तिथेच उभी राहिले. आवाज चढवला नाही, पण सहीही केली नाही. ओळ लिहिली गेली, मग सही केली.

आता दुसरी बाजूही सांगते. दर वेळी डीलरच चुकीचा असतो असं मुळीच नाही. पाणी भरलेल्या रस्त्यात गाडी बंद पडली आणि आपण पुन्हा पुन्हा चावी फिरवली, तर सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही आणि पिस्टनला जोडलेला दांडा, कनेक्टिंग रॉड, वाकतो. तेल संपेपर्यंत गाडी चालवली, तर बेअरिंगवरचा राखाडी थर झिजून खालचा तांबूस धातू दिसतो. अशा वेळी मेकॅनिक तो भाग हातात देऊन दाखवतो आणि आपण मान्य करायचं असतं. माझं म्हणणं इतकंच, की दाखवलं पाहिजे.

समजा, इंजिनात जोर नाही आणि "रिंगा गेल्यात, इंजिन बांधावं लागेल" असं सांगितलं. रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीची, दाब निसटू न देणारी कडी. तर कॉम्प्रेशनचे, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो त्याचे, आकडे मागा, सिलिंडरनुसार. एखादा आकडा कमी असेल, तर त्या सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडून पुन्हा मोजायला सांगा. आकडा चांगला वर चढला, तर रिंगांचा संशय रास्त आहे. हलला नाही, तर दोष बहुतेक व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅस्केटमध्ये. या एका चाचणीने अख्ख्या इंजिनाचं काम नुसत्या हेडच्या कामावर येऊ शकतं.

आणि पूर्वीची बिलं जपा. बदललेल्या भागाला बहुधा स्वतःची वेगळी वॉरंटी असते. गाडीची संपली तरी ती चालू असू शकते. हे समोरून कोणी सांगत नाही. मलाही दोन महिन्यांपूर्वीच्या बिलाच्या मागच्या बाजूला सापडलं.

हेड काढलं त्या दिवशी मी हजर होते. फिटर वयस्कर होते, कामात चोख. त्यांनी हेडचा तळ साफ केला, त्यावर पोलादी सरळपट्टी आडवी ठेवली आणि बारीक फट मोजायच्या फिलर गेजची ०.०५ मिलिमीटरची पात पट्टीखाली सरकवायला घेतली. हेड वाकलं असेल तर ती आत जाते. गेली नाही. पट्टी तिरकी ठेवली, मग दुसऱ्या कर्णावर. कुठेच गेली नाही. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, हेड सरळ आहे." हेड बहुधा अ‍ॅल्युमिनियमचं असतं, तापलेलं इंजिन तसंच दामटलं की ते सहसा वाकतं. गाडी तशीच पळवल्याचा माझ्यावरचा आरोप त्या पातीपाशी अडला.

मॅनेजरांच्या टेबलावर मी फोटो, प्रेशर टेस्टची नोंद, जुनं बिल आणि हेडचं माप ओळीने ठेवलं. बोलणं तासभर चाललं. शेवटी पंप, गॅस्केट आणि मजुरी त्यांनी घेतली. कूलंट आणि इंजिन ऑइल मी भरलं. ऑइल तसंही बदलायला आलं होतं, म्हणून मी ते ताणलं नाही. एका गोष्टीवर मात्र अडून राहिले. नव्या बिलावर नुसतं "हेड गॅस्केट बदललं" एवढंच लिहिलं होतं. त्याच्या वर, त्यांच्याच अक्षरात, मी लिहून घेतलं: "वॉटर पंपाच्या जोडातून गळती, त्यामुळे." खाली सही आणि शिक्का. मग किल्ली घेतली.