भर समुद्रातले शार्क आणि उशिरा आलेले नियम

नमस्कार श्रोतेहो.

दिवस मावळतोय. किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर एक जहाज संथपणे पुढे सरकतंय आणि त्याच्या मागून एक दोर पाण्यात सुटतोय, सुटतच चाललाय. हा दोर शंभर किलोमीटरपर्यंत लांब असू शकतो. ठरावीक अंतरावर त्याला आखूड दोऱ्या बांधलेल्या, प्रत्येक दोरीच्या टोकाला गळ, गळाला आमिष. एका खेपेला असे दोन-तीन हजार गळ पाण्यात उतरतात. याला लाँगलाइन म्हणतात. जहाज निघालेलं असतं तलवार माशासाठी. पण आमिषाचा वास ट्यूनालाही येतो, आणि शार्कलाही. दोर वर ओढला जातो तेव्हा त्याच्यावर निळे शार्क असतात, माको असतात, रेशमी कातडीचे सिल्की शार्क असतात, लांबलचक शेपटीचे थ्रेशर असतात. काही जिवंत असतात, बरेच तोवर मेलेले असतात.

आज मला बोलायचंय ते या भर समुद्रातल्या शार्कविषयी आणि त्यांना वाचवण्यासाठी देशादेशांनी मिळून केलेल्या नियमांविषयी. विषय कागदी वाटेल, पण या प्राण्यांचं जगणं-मरणं त्या कागदांवरच येऊन ठेपलंय.

आधी ते किती उरलेत ते पाहू. 2021 साली शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या गटाने जगभरातल्या नोंदी एकत्र करून हिशेब मांडला. 1970 पासून पुढच्या साधारण अर्ध्या शतकात खुल्या समुद्रातल्या शार्क आणि पाकटांची संख्या 71 टक्क्यांनी घटली होती. उरलेल्या संख्येच्या मानाने त्यांच्यावरचा मासेमारीचा ताण 18 पट वाढला होता. अशा एकूण 31 जातींपैकी 24 जाती नष्ट होण्याच्या धोक्यात आहेत. ओशियानिक व्हाइटटिप हा गोल, पांढऱ्या टोकांच्या परांचा शार्क. उष्ण कटिबंधातल्या समुद्रात तो एके काळी सर्रास दिसायचा. आज तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत आहे.

मासे पुन्हा वाढतात, मग शार्क का वाढत नाहीत? त्याचं उत्तर त्यांच्या शरीरात आहे. ट्यूनाची मोठी मादी एका हंगामात लाखो अंडी सोडते. माकोची मादी वयात यायलाच सुमारे अठरा ते एकवीस वर्षं लागतात. त्यानंतर पंधरा-अठरा महिने गर्भ वाढतो, बहुधा डझनभर पिल्लं होतात, आणि पुढच्या वेताला ती साधारण तिसऱ्या वर्षी तयार होते. म्हणजे अगदी लहान वयात गळाला लागलेल्या मादीने एकदाही पिल्लं दिलेली नसतात. सगळे शार्क असेच असतात असं नाही. निळ्या शार्कला एका वेळी तीस-पस्तीस पिल्लं होतात, कधी शंभरावरही जातात, म्हणून तो जरा जास्त मार सोसतो. पण ट्यूनाला जो हिशेब चालतो तो शार्कला चालत नाही, आणि नियम करणाऱ्यांच्या गळी हे उतरायला फार वेळ लागला.

हे प्राणी एका देशाच्या हद्दीत राहत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या 1982 च्या समुद्रविषयक करारात दूरवर स्थलांतर करणाऱ्या जातींची यादी आहे. तिच्यात ट्यूनाच्या जोडीला थ्रेशर, हातोड्यासारख्या डोक्याचे हॅमरहेड, माको यांच्या कुळांची नावं आहेत, आणि त्यांच्यासाठी देशांनी एकमेकांना सहकार्य करावं असं बंधन आहे. 1995 च्या मत्स्यसाठा कराराने ते आणखी घट्ट केलं. प्रत्यक्षात हे काम येतं प्रादेशिक मत्स्य आयोगांकडे. अटलांटिकसाठी इकॅट, त्याचं कार्यालय माद्रिदला. हिंदी महासागराच्या आयोगाचं सेशेल्समध्ये. प्रशांत महासागराच्या पूर्वेला एक आयोग, पश्चिम आणि मध्य भागासाठी दुसरा.

हे सगळे आयोग जन्मले ट्यूनासाठी. शार्क त्यांच्या टेबलावर आले ते ‘चुकून सापडणारी मासळी’ म्हणून. जो मासा चुकून सापडतो त्याची मोजदाद कोण ठेवणार? वर्षानुवर्षं कुठलीही जात असो, नोंदवहीत नुसतं ‘शार्क’ एवढंच लिहिलं जायचं. पुढे माको आणि निळ्या शार्कच्या मांसाला चांगला बाजार मिळाला, तरी ते ‘चुकून’च सापडत राहिले. हा शब्द मला फार खटकतो, कारण त्याच्या आडोशाला कित्येक वर्षं कुठलीच मर्यादा न ठेवता पकड चालू राहिली.

पहिला मोठा नियम आला 2004 साली, अटलांटिकच्या आयोगात. शार्कचे पर कापून घ्यायचे आणि धड समुद्रात टाकून द्यायचं, या प्रकाराला त्यात बंदी घातली गेली. ती हवीच होती. जिवंत प्राण्याचे पर छाटून त्याला बुडायला सोडणं हे क्रौर्य होतं. पण नियम लिहिला गेला तो असा : जहाजावरच्या परांचं वजन शार्कच्या वजनाच्या 5 टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. आता पर एका खोलीत, धडं दुसऱ्या खोलीत. कोणता पर कोणत्या धडाचा हे बंदरावरच्या तपासनिसाने कसं ओळखायचं? जातीगणिक परांचं वजन वेगळं, कापण्याच्या पद्धतीगणिक वेगळं. त्या फटीतून बरंच काही निसटायचं. खरा उपाय साधा आहे. पर धडाला नैसर्गिकरीत्या चिकटलेले असतानाच शार्क बंदरावर उतरवायचा. मोजणी सोपी होते, जात ओळखता येते, आणि शास्त्रज्ञांना खरे आकडे मिळतात. युरोपीय संघाने 2013 मध्ये आपल्या जहाजांना हे सक्तीचं केलं.

पण पर चिकटलेला ठेवला म्हणून शार्क वाचतो का? 2024 च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने नेमका हाच प्रश्न विचारला. 2012 ते 2019 या काळात पर कापण्याविरुद्धचे कायदे जगभर झपाट्याने वाढले. त्याच काळात मासेमारीत मरणाऱ्या शार्कची संख्या वर्षाला सुमारे 7 कोटी 60 लाखांवरून 8 कोटींवर गेली. सगळा प्राणी बंदरावर आणायचाच म्हटल्यावर त्याच्या मांसालाही गिऱ्हाईक शोधलं गेलं. मृत्यू वाढले ते मुख्यतः किनाऱ्यालगतच्या पाण्यात. भर समुद्रात मात्र ते काहीसे, सुमारे 7 टक्क्यांनी, कमी झाले. फरक कशाने पडला? अभ्यासाचं उत्तर असं की, जिथे शार्क पकडण्यावरच बंदी किंवा मर्यादा आली तिथे मृत्यू घटले. नुसत्या परांच्या कायद्याने ते घटले नाहीत.

मला आज जे सांगायचंय ते हेच. किती शार्क पाण्याबाहेर काढायचे यावर हात घातला तरच उपयोग आहे.

तसे नियमही आले, एकेका जातीसाठी. अटलांटिकमध्ये 2009 साली बिगआय थ्रेशर जहाजावर ठेवायला मनाई झाली, 2010 साली व्हाइटटिप आणि बहुतेक हॅमरहेड, 2011 साली सिल्की. इतर महासागरांत पुढेमागे असेच निर्णय झाले. 2019 साली उत्तर अटलांटिकमधल्या निळ्या शार्कला वर्षाला सुमारे 39 हजार टनांची मर्यादा ठरली. एखाद्या शार्कसाठी अशा आयोगाने एकूण पकडीची मर्यादा घातली, ती ही पहिलीच. व्यापाराच्या बाजूने साइट्स कराराने, म्हणजे धोक्यातल्या वन्य जातींच्या देशादेशांमधल्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराने, मदत केली. 2013 मध्ये व्हाइटटिप आणि हॅमरहेड, 2019 मध्ये माको, 2022 मध्ये निळे आणि सिल्की शार्क ज्यात मोडतात ते रेक्विम शार्कचं अख्खं कुळ, असे एकेक गट परवान्याशिवाय देशाबाहेर विकता येणार नाहीत अशा यादीत आले.

आता माकोची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण उशीर म्हणजे काय ते तिच्यात दिसतं. 2017 साली अटलांटिक आयोगाच्याच शास्त्रज्ञांनी सांगितलं की उत्तर अटलांटिकमधला माको बेसुमार पकडला जातोय. तेव्हा वर्षाला तीन हजार टनांहून जास्त पकड होत होती. आयोगाने जिवंत सापडलेला माको सोडून द्यावा असं ठरवलं, पण त्याला सवलतींची शेपटं जोडली. 2019 मध्ये शास्त्रज्ञ पुन्हा आले, नवा हिशेब घेऊन. तो असा : आजपासून पकड शून्यावर आणली, तरी हा साठा, म्हणजे उत्तर अटलांटिकमधल्या माकोंची संख्या, 2035 पर्यंत घटतच राहील, कारण आज लहान असलेल्या माद्या वयात यायला तेवढी वर्षं लागणार. शून्य पकड ठेवली, तर 2045 पर्यंत साठा सावरण्याची शक्यता 53 टक्के. वर्षाला 500 टन मृत्यू होऊ दिले, तर जवळपास तेवढीच शक्यता, पण 2070 पर्यंत. पाचशे टनांची किंमत पंचवीस वर्षं.

त्या वर्षी सेनेगल आणि कॅनडासह अनेक देशांनी पूर्ण बंदीचा प्रस्ताव मांडला. एकमत झालं नाही. या आयोगांत निर्णय बहुतेक एकमताने होतात, म्हणून एक-दोन मोठे सभासद अडून बसले की सगळंच अडतं. 2020 सालही तसंच गेलं. कॅनडाने मात्र त्या वर्षी आपल्यापुरती माको बंदरावर उतरवायला मनाई केली. अखेर 2021 च्या नोव्हेंबरात 2022 आणि 2023 या दोन वर्षांसाठी बंदी ठरली, आणि मासेमारीत मरणारे सगळे धरून वर्षाला 250 टनांच्या आत राहण्याचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. पहिल्या इशाऱ्यापासून तोवर चार वर्षं गेली होती.

बंदीला एक मर्यादा आहे, तीही सांगायला हवी. गळावर आधीच मेलेला शार्क पाण्यात परत टाकला, तर कायदा पाळला जातो, शार्क मेलेलाच राहतो. म्हणून शार्क गळाला कमी लागावा किंवा लागला तरी सुटावा, अशी तजवीज हवी. गळाच्या वरची दोरी पोलादी तारेची असेल तर शार्कला ती तोडता येत नाही. तीच नायलॉनची असेल तर तो दातांनी कापून निघून जातो. तोंडात गळ अडकलेला असतो, पण तो जिवंत असतो. पश्चिम आणि मध्य प्रशांत आयोगाने 2022 साली विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना वीस अंशांपर्यंत अशा तारांवर बंदी घालायचं ठरवलं, ती 2024 पासून लागू झाली. त्या खलाशांना शार्कशी वैर नाही. त्यांनाही आमिष वाया जायला आणि दोर तुटायला नको असतो. नियम असा साधा आणि हातातल्या वस्तूशी जोडलेला असला की तो पाळणंही सोपं जातं.

आणि पाळला जातोय की नाही हे पाहायला जहाजावर कुणीतरी हवं. लाँगलाइनच्या जहाजांवर निरीक्षक ठेवण्याची कित्येक आयोगांची किमान अट अजून 5 टक्के आहे. उरलेल्या 95 टक्के खेपांमध्ये गळावरून काय सुटलं आणि काय कापलं गेलं, हे जहाजाच्या नोंदवहीवर विश्वास ठेवूनच मानायचं. कॅमेरे लावण्याची चर्चा पुढे सरकतेय, ती अधिक वेगाने सरकायला हवी.

श्रोतेहो, माकोवरची बंदी लागू झाली 2022 साली. त्या वर्षी उत्तर अटलांटिकमध्ये जन्मलेली मादी पिल्लं अजून लहानच आहेत, आणि पाण्यात सुटणाऱ्या दोरांमधून वाट काढत ती आज पोहताहेत. त्यांच्यातली जी वाचेल, तिला पहिली पिल्लं होतील तेव्हा 2040 साल उलटून गेलेलं असेल.

नमस्कार.