शिक्षा कुणी ठरवायची? वॉशिंग्टन डीसीची गोष्ट

सिग्नलला थांबलेल्या या गाडीची नंबरप्लेट जरा जवळून बघा. वर शहराचं नाव, मध्ये नंबर आणि खाली एक तक्रार : कर घेता, पण प्रतिनिधित्व देत नाही. सन 2000 पासून वॉशिंग्टन डीसीतल्या गाड्या ही तक्रार अंगावर घेऊन फिरतायत. पुढे तिच्याआधी 'थांबवा' हा शब्दही आला. सात लाखांच्या घरातली वस्ती. वायोमिंग किंवा व्हरमाँट या अख्ख्या राज्यांपेक्षा इथे माणसं जास्त आहेत. केंद्राचा प्राप्तिकर सगळे भरतात. पण डीसी हे राज्य नाही. त्यामुळे अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या सभागृहात कायद्यावर त्यांच्या वतीने मत देणारं कुणी नाही.

ही विल्सन बिल्डिंग. महापौर आणि 13 जणांची सिटी कौन्सिल इथे बसते. बाहेर पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यूवर येऊन पूर्वेकडे मान वळवली की कॅपिटॉलचा, म्हणजे काँग्रेसच्या इमारतीचा, पांढरा घुमट दिसतो. अंतर दोनेक किलोमीटर.

1874 मध्ये काँग्रेसने या शहराचं लोकांनी निवडलेलं सरकार मोडीत काढलं. पुढची शंभर वर्षं वरून नेमलेल्या माणसांनी कारभार पाहिला. डिसेंबर 1973 मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी 'होम रूल' कायद्यावर सही केली. हा शब्द आपल्याला टिळकांमुळे ओळखीचा आहे, आणि इथेही त्याचा अर्थ तोच : आमचं घर आम्ही चालवू. जानेवारी 1975 मध्ये वॉल्टर वॉशिंग्टन यांनी निवडून आलेले महापौर म्हणून शपथ घेतली. दोरी मात्र काँग्रेसने हातातच ठेवली. शहराचे कायदे आधी घुमटाखाली जातात. साध्या कायद्याला कामकाजाचे 30 दिवस थांबावं लागतं, फौजदारी कायद्याला 60.

ही कोर्टाची इमारत. आत कॅमेरा नेता येत नाही. प्रौढांवरचे गंभीर खटले इथे जो सरकारी वकील चालवतो, त्याला राष्ट्राध्यक्ष नेमतात. न्यायाधीशही तेच नेमतात, सिनेटच्या म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाच्या संमतीने. अल्पवयीनांचे खटले तेवढे शहराच्या स्वतःच्या वकिलाकडे, ॲटर्नी जनरलकडे.

आणि हे व्हर्जिनियातलं लॉर्टन. या लाल विटांवरून हात फिरवला तर कडा अजून खरखरीत लागतात. हा शहराचा तुरुंग होता. 1917 मध्ये मतदानाचा हक्क मागत व्हाइट हाऊससमोर उभ्या राहिलेल्या बायकांना इथेच डांबलं होतं. 1997 च्या केंद्रीय कायद्याने हा तुरुंग बंद करायचं ठरलं, 2001 मध्ये तो रिकामा झाला. आता इथे चित्रकारांचे स्टुडिओ आहेत. शिक्षा झालेले डीसीचे कैदी देशभरातल्या केंद्रीय तुरुंगांत जातात. भेटायला जाणाऱ्या आईला शेकडो मैलांचा प्रवास पडतो.

म्हणजे वकील केंद्राचा, न्यायाधीश केंद्राने नेमलेला, तुरुंग केंद्राचा. शहराच्या हातात उरली ती लेखणी. कोणत्या गुन्ह्याला किती शिक्षा, हे लिहिण्याची.

ती लेखणी शहराने उचलली तेव्हा काय झालं? इथला फौजदारी कायदा मुळात 1901 चा. दीड दशकाच्या कामानंतर कौन्सिलने नोव्हेंबर 2022 मध्ये नवी संहिता मंजूर केली. काही गुन्ह्यांची कमाल शिक्षा त्यात कमी होती. महापौर म्युरिएल बाउझर यांनी नकाराधिकार वापरला, कौन्सिलने तो 12 विरुद्ध 1 मतांनी फिरवला. आपल्या घरातला वाद आपल्याच घरात मिटला होता. काँग्रेसला ते मान्य नव्हतं. कौन्सिलचे अध्यक्ष फिल मेंडेल्सन यांनी संहिता परत मागितली, तरी सिनेटने ती रद्द करण्यावर मतदान घेतलंच. 81 विरुद्ध 14. 20 मार्च 2023 रोजी बायडन यांनी सही केली आणि संहिता रद्द झाली. तीस वर्षांहून जास्त काळात असं घडलं नव्हतं.

त्या वर्षी शहरात 274 खून झाले. भीती खरी होती. 2024 मध्ये हा आकडा 187 वर आला.

हे युनियन स्टेशनबाहेरचे नॅशनल गार्ड या राखीव लष्करी दलाचे जवान. ऑगस्ट 2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी गुन्हेगारीची आणीबाणी जाहीर केली, पोलीस 30 दिवस आपल्या हाताखाली घेतले. मुदत संपली, आणि आठवड्याभरात, 16 सप्टेंबरला, कनिष्ठ सभागृहाने 'डीसी क्राइम्स' विधेयक 240 विरुद्ध 179 मतांनी मंजूर केलं. ते मांडणारे बायरन डोनल्ड्स फ्लोरिडाचे. त्यांचं म्हणणं, शहर गुन्हेगारांशी मवाळ वागतं. विधेयक सांगतं, शिक्षेच्या कायद्यात कौन्सिलने यापुढे बदल करायचा नाही. 1985 पासून इथे तरुण गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा आहे. 2018 पासून तो 24 वर्षांपर्यंतच्यांना लागू होतो, खुनासारखे गुन्हे वगळून. शिक्षा नीट भोगली तर न्यायाधीश दोषसिद्धी पुसू शकतो. विधेयक ही वयोमर्यादा 18 वर आणतं. एकोणीस वर्षांच्या मुलाला तो दरवाजा बंद होईल, नोकरीच्या अर्जावर डाग राहील. त्याच दिवशी आणखी एक विधेयक मंजूर झालं : चौदाव्या वर्षीच प्रौढ म्हणून खटला चालवण्याची वाट मोकळी करणारं.

डीसीच्या प्रतिनिधी एलिनोर होम्स नॉर्टन 1991 पासून त्या सभागृहात आहेत. त्यांना भाषण करता येतं. 240 आणि 179 या दोन आकड्यांत त्यांचं मत नाही.

विधेयक तिथून सिनेटकडे गेलं. सिनेटमध्ये या शहराची एकही खुर्ची नाही.