आगाऊ पैसे

(दृश्य: जुन्या मासिकाचं पान. कोपऱ्यात कापून घ्यायचं कूपन.)

मार्च 1963. शिकागोतल्या एका क्रीडासाहित्याच्या दुकानात टपालाने एक कूपन येतं. मासिकातून कापलेलं, सोबत 21 डॉलर 45 सेंटची मनीऑर्डर. गिऱ्हाइकाचं नाव ए. हायडेल, पत्ता डॅलसची पोस्टपेटी क्रमांक 2915. दुकानदार दुर्बीण बसवलेली एक इटालियन रायफल खोक्यात घालतो आणि पोस्टाने रवाना करतो. हायडेल नावाचं कुणी नव्हतंच. रायफल मागवली होती ली हार्वे ऑस्वाल्डने. आठ महिन्यांनी त्याच रायफलने अध्यक्ष केनेडींचा जीव घेतला.

पुढे 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग गेले, रॉबर्ट केनेडी गेले, आणि त्याच वर्षी बंदूक नियंत्रण कायदा झाला. तेव्हापासून अमेरिकेत एका राज्यातल्या माणसाने दुसऱ्या राज्यातल्या माणसाला बंदूक परस्पर विकायची नाही. ती आधी घेणाऱ्याच्या राज्यातल्या परवानाधारक डीलरकडे जाते. तिथे अर्ज, चौकशी, आणि मग ताबा.

तेव्हा खोट्या नावाआड घेणारा लपला होता. आता विकणारा लपतो: ऑनलाइन जाहिरात देतो, आगाऊ पैसे घेतो आणि गायब होतो.

(दृश्य: मोबाईलच्या पडद्यावर जाहिरात. मखमली कापडावर ठेवलेलं हत्यार.)

हे कळायला आणखी एक जुना कायदा बघावा लागतो, 1934 चा. दारूबंदीच्या काळातल्या टोळीयुद्धांनंतर आलेला. मशीनगन, बंदुकीचा आवाज दाबणारे सायलेन्सर, आखूड नळीच्या रायफली आणि शॉटगन यांची सरकारदरबारी नोंद आणि प्रत्येक हस्तांतरावर 200 डॉलर कर. त्या काळी ही रक्कम छाती दडपणारी होती. नव्वद वर्षं ती एका डॉलरनेही वाढली नाही, आणि 1 जानेवारी 2026 पासून सायलेन्सर आणि आखूड नळ्यांवर ती चक्क शून्य झाली. मशीनगनवर मात्र 200 कायम. नोंदणी तर सगळ्यांनाच कायम.

मशीनगनची गोष्ट वेगळीच आहे. 19 मे 1986 नंतर बनलेली मशीनगन सामान्य नागरिकाला घेता येत नाही. म्हणजे बाजारात ज्या आहेत, तेवढ्याच. नवी येणार नाही, आणि हौशी लोक तर वाढतायत. एखाद्या एम-16 ला तीस हजार डॉलरच्या वर मोजतात. अशी चीज कुणी अठरा हजारांत देतो म्हणाला, की भल्याभल्यांच्या तोंडाला पाणी सुटतं.

आता खरी मेख. समजा घेणारा ओहायोत आहे आणि विकणारा मोंटानात. हस्तांतराचा अर्ज, फॉर्म 4, दोनदा भरायचा. आधी विकणाऱ्याकडून ओहायोतल्या डीलरच्या नावे, मग डीलरकडून घेणाऱ्याच्या नावे. मशीनगन असेल तर करही दोनदा. बोटांचे ठसे, फोटो, आणि वाट बघणं. कागदी अर्जांच्या काळात वर्ष वर्ष लागायचं, ऑनलाइनमुळे आता बरंच लवकर होतं. पण पहिली मंजुरी येईपर्यंत हत्यार विकणाऱ्याच्याच कपाटात राहणार, असं कायदाच सांगतो. पैसे मात्र तो आजच मागतो.

ही फट चोराला कुणी शिकवावी लागत नाही. आपल्याकडे जुन्या गाड्यांच्या जाहिरातीत लष्करी जवानाचं ओळखपत्र दाखवून, 'बदली झालीय, बुलेट स्वस्तात द्यायचीय' म्हणणारे भामटे असतात ना, त्यांचीच ही चुलत भावंडं. ओळखपत्राच्या जागी इथे मंजूर झालेल्या फॉर्म 4 चा फोटो येतो. कुठल्या तरी खऱ्या मालकाचा उचललेला, नाव बदललेलं. एटीएफ, म्हणजे शस्त्रांचं केंद्रीय खातं, त्यांना फोन करून विचारावं की हे हत्यार खरंच या माणसाच्या नावावर आहे का, तर ते सांगत नाहीत. कारण ही नोंद कायद्याने करविषयक माहिती ठरते आणि ती गोपनीय असते. बनावट निघाली तर अर्ज फेटाळला जातो, हे खरं. तोवर पैशांनी गाव सोडलेलं असतं.

(दृश्य: पैसे पाठवायच्या ॲपची खिडकी. शेऱ्याच्या रकान्यात अक्षरं उमटतात.)

इथे जरा थांबू. विकणारा म्हणतो, "शेऱ्यात बंदूक वगैरे लिहू नका, वाढदिवसाची भेट लिहा." सल्ला ऐकायला व्यवहारी वाटतो, कारण शस्त्रांचे पैसे पाठवायला अनेक ॲपवर मनाई आहेच. पण तो शेरा लिहिला, की उद्या तक्रार कसली करणार? ॲपचा नियम मोडणारे तुम्ही, आणि कागदोपत्री तुम्ही कुणाला तरी भेट दिलीत. मला विचाराल तर अख्ख्या सापळ्यातला सगळ्यात हुशार खिळा हाच. गिऱ्हाइकाच्याच हाताने ठोकून घेतलेला.

डीलर म्हणून मिरवणाऱ्याची परीक्षा त्यामानाने सोपी. परवाना क्रमांक 15 अंकी असतो. त्यातले पहिले तीन आणि शेवटचे पाच अंक एटीएफच्या संकेतस्थळावर टाकले, की परवाना कुणाचा आणि पत्ता कुठला ते दिसतं. मात्र एवढ्याने एवढंच कळतं, की असा डीलर आहे. मेसेज करणारा तोच आहे हे कळत नाही. म्हणून दुकानाचा नंबर आपण शोधायचा आणि आपण फोन लावायचा. त्याने दिलेला नंबर तोच उचलणार.

वस्तू त्याच्याकडे आहे का, हे बघायला पूर्वी तारखेची चिठ्ठी शेजारी ठेवून फोटो मागवत. आता फोटोत काहीही घुसवता येतं. त्यापेक्षा व्हिडिओ कॉलवर म्हणावं, "स्वयंपाकघरातला चमचा आणा, सिरियल नंबरशेजारी ठेवा, आता उलटं करून दाखवा." खरा मालक हसेल आणि चमचा आणेल. दुसऱ्याचं नेटवर्क नेमकं तेव्हाच जाईल.

आणि जो म्हणतो, "फॉर्मची कटकट कशाला, सरळ घरी पाठवतो," तो चोर निघाला तर नशीब समजावं. हत्यार खरंच आलं तर बेकायदा ताब्यासाठी दहा वर्षांपर्यंत कैद आहे.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी एक गोष्ट. ग्रीन कार्ड असेल तर केंद्राचा कायदा आड येत नाही. एच-1बी किंवा विद्यार्थी व्हिसावर मात्र, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर बंदूक बाळगणं हाच गुन्हा. शिवाय राज्याराज्यांचं वेगळं. टेक्सासमध्ये चालणारा सायलेन्सर न्यू जर्सीत चालत नाही.

फसलंच कुणी, तर पहिला फोन बँकेला, त्याच तासाला. मग एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्राकडे अर्ज. पोस्टाने मनीऑर्डर गेली असेल तर टपाल खात्याचे तपास अधिकारीही लक्ष घालतात. लोक लाजेने गप्प बसतात आणि तेवढ्यात तीच मखमल, तेच हत्यार दुसऱ्या जाहिरातीत झळकतं.

(दृश्य: ओहायोतलं डीलरचं दुकान. काउंटरवर लाकडी पेटी.)

हा व्यवहार वेगळा झाला. रक्कम वकिलाच्या विश्वस्त खात्यात ठेवली होती. वकील घेणाऱ्याने निवडलेला, विकणाऱ्याने सुचवलेला नव्हे. पहिला फॉर्म मंजूर झाला, पेटी आली. डीलर चष्मा कपाळावर सरकवतो, बॅटरी धरतो आणि लोखंडावर कोरलेला नंबर एकेक अंक मोठ्याने वाचतो. घेणारा फॉर्मवर बोट फिरवत जुळवतो. शेवटचा अंक जुळल्यावर वकिलाला फोन जातो: पैसे सोडा.

मग पेटी बंद होते आणि डीलरच्या तिजोरीत जाते. दुसरा फॉर्म 4 अजून यायचाय.