इंजिनातून येणारी हवा

[हँगर. इंजिनाचं आवरण उघडलेलं.]

प्रवासात आपण जी हवा घेतो, ती इथून येते. पंख्यामागे पात्यांच्या या ओळी दिसतात ना, तो कॉम्प्रेसर. बाहेरची विरळ हवा इथे दाबली जाते, तापते. बरीचशी इंधन जाळायला पुढे जाते. थोडी या जाड नळीतून काढून घेतात, थंड करतात आणि केबिनमध्ये सोडतात. तिला ब्लीड एअर म्हणतात. केबिनमध्ये फिरून आलेली हवा गाळली जाते. बहुतेक विमानांत ही ताजी हवा मात्र न गाळताच आत येते.

[मेकॅनिक ऑइल ओततो. क्लोज-अप.]

बेअरिंगसाठीचं हे ऑइल. त्याला अडवणारं सील म्हणजे घट्ट बूच नव्हे. ती एक अरुंद फट असते आणि हवेच्या दाबामुळे तेल तिच्या आतच राहतं. इंजिनाचा जोर बदलला की थोडं निसटून केबिनच्या हवेत मिसळू शकतं. या तेलात झीज रोखायला ट्रायक्रेसिल फॉस्फेट असतं. 1930 मध्ये अमेरिकेत आल्याच्या अर्कात याच्याच एका प्रकाराची भेसळ झाली आणि हजारोंचे पाय लुळे पडले. आजच्या तेलात तो प्रकार नगण्य आहे, पण त्याची बाकीची भावंडं आहेत.

[बीएई 146 धावपट्टीवर. चार इंजिनं.]

ऑस्ट्रेलियात या विमानांच्या क्रूने तक्रारी केल्या: घामट मोज्यांसारखा वास, डोकेदुखी, विसरभोळेपणा. काहींची नोकरी गेली. सिनेटच्या समितीने चौकशी केली आणि ऑक्टोबर 2000 च्या अहवालात सांगितलं, की केबिनच्या हवेचा क्रू आणि प्रवाशांवर काय परिणाम होतो हे शोधायला सरकारने राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेला पुरेसा निधी द्यावा. निधी सरकारने द्यावा, हे महत्त्वाचं. विमान बनवणाऱ्यांनी किंवा उडवणाऱ्यांनी नव्हे.

[हवेचे नमुने घेणाऱ्या नळ्या.]

ब्रिटनमध्ये सरकारी पैशातून क्रॅनफिल्ड विद्यापीठाने 100 उड्डाणांतली हवा मोजली. 2011 चा निष्कर्ष: हवेतल्या घातक रसायनांचं प्रमाण मर्यादेतच. पण केबिनमध्ये वाफा किंवा धूर शिरल्याची, रीतसर नोंद व्हावी अशी घटना त्या शंभरांत एकदाही घडली नाही. आणि क्रूच्या तब्येतीचा वर्षानुवर्षं मागोवा घेणं या अभ्यासात नव्हतंच.

[बोइंग 787, पोटाखालून.]

हे 787, 2011 पासून प्रवासी सेवेत. पोटाखालच्या या झडपा बघा. केबिनची हवा इथून थेट आत येते आणि विजेवरचे कॉम्प्रेसर ती दाबतात. इंजिनाचं तेल तिच्या वाटेत येतच नाही.

[शेजारच्या स्टँडवर दुसरं विमान. प्रवासी चढतायत.]

या विमानात अजूनही इंजिनातूनच येते.