व्हॉल्व्ह काढला, उजेड तसाच

[दृश्य: अंधार. एका छोट्या डब्याच्या काचेमागे नारिंगी उजेड. एक हात स्क्रू फिरवतोय.]

हा उजेड नीट बघून घ्या. लोक याच्यासाठी पैसे मोजतात.

डब्यावर 'ट्यूब प्रीअँप' लिहिलंय. प्रीअँप म्हणजे माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारा डबा; ट्यूब म्हणजे त्यातली काचेची नळी. काचेमागे निखारा फुलल्यासारखं दिसतंय. मायक्रोफोनचा आवाज यातून गेला की 'वॉर्म', म्हणजे उबदार होतो, असं खोक्यावर छापलंय. आता काकांचा हात बघा. बटण बंद केलं. आतली काचेची नळी चिमटीत धरली, किंचित डोलवली आणि दाढ उपटावी तशी वर ओढली. नळी टेबलावर. बटण पुन्हा चालू.

[पाच सेकंद नुसतं चित्र.]

उजेड तसाच.

नळी जिथे बसली होती, त्याच्या मागे एक इवलासा एलईडी आहे. जळतोय तो. काचेतून दिसत होता तोही तोच.

[शीर्षक]

[दृश्य: तपकीर गल्ली, सकाळ. हातगाडी. अरुंद जिना.]

पुण्याच्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. नाव तपकिरीचं, माल विजेचा. वायरची भेंडोळी, दिव्यांच्या माळा, आणि त्यातून वाट काढणारी ही हातगाडी. ती जाईपर्यंत आपणही थांबू. एवढा छान शॉट कापायचं जिवावर आलं.

जिना चढून वर गेलं की काकांचं टेबल. चाळीस वर्षं याच टेबलावर रेडिओ उघडले जातायत. काका 'ट्यूब' म्हणत नाहीत. "ट्यूब छताला असते," म्हणाले. "हा व्हॉल्व्ह."

समोरच्या स्टुलावर बसल्यात त्या ताई. कर्वेनगरला दोन खोल्यांच्या घरात राहतात, मुलांना गाणं शिकवतात, आणि रात्री मुलं झोपली, रस्ता निवला की आतल्या खोलीत रेकॉर्डिंग करतात. स्वतःचा आवाज ऐकताना त्यांना एकच खटकतं. तार सप्तकात गेलं की सूर टोचतो. कुणीतरी सांगितलं, ट्यूब प्रीअँप घ्या. कुठला, ते मात्र प्रत्येकाने वेगळं सांगितलं. म्हणून आठ दिवसांच्या बोलीवर दोन डबे आणलेत, आणि तिसरा त्यांचा रोजचा इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारा डबा, ज्यात व्हॉल्व्ह नाहीच.

[दृश्य: जुन्या रेडिओचं बटण. काही होत नाही. मग हिरवा डोळा हळूहळू उघडतो.]

काकांनी आधी हा रेडिओ लावला. वाट बघा. व्हॉल्व्ह तापल्याशिवाय बोलत नाही.

रेडिओचं मुंबई केंद्र सुरू झालं २३ जुलै १९२७ ला. तिथून पुढे कितीतरी वर्षं, ट्रान्झिस्टर येईपर्यंत, रेडिओवर ऐकलेला प्रत्येक आवाज व्हॉल्व्हमधून गाळून आलेला होता. बाहेरही तेच. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत १९६० च्या आसपास जी मिक्सिंगची टेबलं होती, त्यांत जर्मन घराण्याचे व्ही७२ ॲम्प्लिफायर बसवलेले होते. अमेरिकेत बिल पुटनम यांनी त्याच सुमाराला ६१० नावाचा प्रीअँप बनवला. पुढे घरगुती स्टुडिओसाठी निघालेला 'सोलो ६१०' हा त्याचाच वंश. आपल्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह काढले. काकांच्या बिस्किटाच्या डब्यात त्यातले काही नग अजून आहेत, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. कागद उलगडताना त्यांची बोटं बघा.

[दृश्य: भिंगातून व्हॉल्व्ह.]

ही नळी करंगळीहून थोडी जाड. खाली नऊ पिना. वर छापलंय १२एएक्स७; युरोपात हिलाच ईसीसी८३ म्हणतात. एका काचेत दोन व्हॉल्व्ह आहेत, जुळे. मधली बारीक दांडी, ती तापते. भोवती केसासारख्या तारेची जाळी. बाहेर करडा पत्रा, त्याला प्लेट म्हणायचं. तापलेल्या दांडीतून इलेक्ट्रॉन सुटतात, प्लेट त्यांना ओढून घेते, आणि जाळीवर मायक्रोफोनचा चिमूटभर सिग्नल दिला की ती हा लोंढा कमीजास्त सोडते. चिमटीची मूठ होते ती अशी.

म्हणजे प्लेटची ओढ किती, यावर सगळा खेळ. या व्हॉल्व्हच्या माहितीपत्रकात प्लेटला १०० आणि २५० व्होल्ट देऊन आकडे काढलेले असतात. आता मीटर बघा.

[दृश्य: पहिला डबा. मीटरवर ४४.]

चव्वेचाळीस.

मोबाइल चार्जरएवढ्या अडॅप्टरवर चालणारा हा डबा. यात माइकचा सिग्नल मोठा करायचं खरं काम एक चिप करते. व्हॉल्व्ह तिच्या मागे, अर्धपोटी. धंद्यात या रचनेला 'स्टार्व्ह्ड प्लेट' म्हणतात, उपाशी प्लेट. उपाशी व्हॉल्व्ह लवकर हात टेकतो, सिग्नलची टोकं वाकवतो, आणि ते वाकणंच 'वॉर्म' म्हणून विकलं जातं. लबाडी म्हणायची का? बेस गिटारला, एखाद्या रांगड्या आवाजाला हे वाकणं शोभतंही. पण ताईंना हवं होतं ते हे नव्हे, आणि खोक्यावर फरक लिहिलेला नाही.

[दृश्य: दुसरा डबा. दोन हातांनी उचलून टेबलावर. आवाज: धप्प.]

हा धप्प आवाज वरून घातलेला नाही.

इथे काकांची चाल बदलते. प्लग काढला, तरी दहा मिनिटं डब्याला हात लावला नाही. मग झाकण. मग एक रेझिस्टर घेऊन मोठे कपॅसिटर रिकामे केले, कारण प्लग काढल्यावरही त्यांच्या पोटात वीज राहते. मीटरच्या क्लिपा लावल्या, मागे सरकले, आणि मग चालू. आता त्यांचा डावा हात शोधा. खिशात आहे. एका हाताने काम केलं तर चुकून झटका बसला तरी तो या हातातून त्या हातात, छातीतून, जात नाही. हे कुणी शिकवलं विचारलं तर हसले फक्त. घरी कुणीही हे करून बघू नका.

[दृश्य: मीटरवर २७१.]

दोनशे एकाहत्तर.

आणि हे दोन लोखंडी ठोकळे, ज्यांच्यामुळे डबा एवढा जड. ट्रान्सफॉर्मर आहेत, एक माइक आत येतो तिथे, एक बाहेर जाताना. माइक १५०–२०० ओहमचा असतो, त्याच्याकडे व्होल्टेज थोडं; व्हॉल्व्हच्या जाळीला मात्र व्होल्टेजच हवं. आतला ट्रान्सफॉर्मर १ ला १० चा असेल तर व्होल्टेज दसपट, म्हणजे २० डेसिबल, आणि तेही व्हॉल्व्हने सुई हलवण्याआधी. खरखर वाढवणारं मध्ये जवळजवळ काही नाही, नुसती तांब्याची तार आणि लोखंड. स्वीडनमध्ये लुंडाल, अमेरिकेत जेन्सन, अशी हे बनवणारी नावाजलेली घराणी आहेत. चांगल्या प्रीअँपची बरीचशी किंमत इथे जाते. काचेची नळी त्या मानाने स्वस्त असते, आणि ती बदलताही येते.

[दृश्य: काका पेन्सिलच्या रबराने व्हॉल्व्हवर टकटक करतात. स्पीकरमधून 'टण्ण्'.]

ऐकलंत? व्हॉल्व्ह स्वतःच माइक झाला. आतली जाळी सैल असली की हलक्या धक्क्यानेही किणकिणते, आणि ती किणकिण गाण्यात येते. काकांनी चार नळ्या बदलून पाहिल्या. स्लोव्हाकियाची एक, रशियाची एक, चीनची एक. सगळ्यात शांत निघाली ती बिस्किटाच्या डब्यातली.

"ठेवा, ताई. पैसे नकोत," काका म्हणाले. ताईंचा चेहरा कॅमेऱ्यात आहे.

[दृश्य: कर्वेनगर. खोलीत दोरीवर गोधड्या, उघडं कपाट, साड्या.]

स्टुडिओ म्हणायचा तर हा असा. तीन बाजूंना गोधड्या, पाठीमागे साड्यांचं उघडं कपाट. हा सगळा कपडा आवाज पितो, म्हणून खोली घुमत नाही. कुठलाही प्रीअँप हे काम करत नाही. घुमणारी खोली तो फक्त मोठी करून दाखवतो.

माइक आहे शूअरचा एसएम७बी. पॉडकास्टवाल्यांच्या तोंडासमोर असतो तो. दिसायला दणकट, पण बोलायला अगदी हळू: ठरावीक मोजमापाच्या आवाजाला जेमतेम १.१ मिलिव्होल्ट देतो. त्याच आवाजाला रोडचा एनटी१-ए हा कंडेन्सर माइक २५ मिलिव्होल्ट देतो. फरक २७ डेसिबलचा. म्हणून एनटी१-ए वाल्याला जो प्रीअँप चालून जाईल, तोच एसएम७बी ला ६० डेसिबलपर्यंत पिळावा लागतो आणि मग त्याची स्वतःची खरखर वर येते. माइक सांगितल्याशिवाय प्रीअँप सुचवणारा माणूस म्हणजे पायाचं माप न घेता चप्पल देणारा.

[दृश्य: जड डबा जोडला. ताई हेडफोन लावतात. कपाळाला आठी.]

घूं.

घरची वीज ५० हर्ट्झची. तिची गुणगुण ५० वर येते आणि १०० वरही. आता गंमत ऐका. ताईंची पट्टी, म्हणजे त्यांचा सा, पेटीवरची पांढरी पाच. खालच्या सप्तकातली पांढरी पाच ९८ हर्ट्झची. म्हणजे भिंतीतून येणारा हा १०० चा सूर ताईंच्या खालच्या षड्जापेक्षा अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्शाएवढा चढा. खोलीत जणू दुसरा तानपुरा लागलाय, आणि तो बेसूर आहे. हेडफोनमध्ये दुसऱ्या कुणाला नुसती घरघर वाटली असती. ताईंना सूर टोचला.

कारण निघालं ते डब्यात नव्हतंच. लॅपटॉपचा चार्जर एका भिंतीवर, प्रीअँप दुसऱ्या भिंतीवर, आणि त्या दुसऱ्या प्लगमधलं अर्थिंगचं भोक नुसतं भोक होतं. मागे तार नव्हती. वायरमन आला, अर्थिंग ओढलं, सगळ्या पिना एका बोर्डवर घेतल्या. गुणगुण गेली. काही लोक अशा वेळी प्लगची तिसरी पिनच तोडतात. २७१ व्होल्टच्या लोखंडी डब्याची ती पिन तोडायची म्हणजे काय, ते काकांच्या खिशातल्या हाताला विचारा.

[दृश्य: तानपुरा. जवारीवरचा दोरा, अगदी जवळून.]

व्हॉल्व्ह नेमकं करतो काय? ताईंनी उत्तर तानपुऱ्यावर दिलं. जवारीवर, म्हणजे तार जिथे टेकते त्या घोडीवर, तारेखाली असलेला दोरा काढला: तार वाजते, पण बोथट. दोरा सरकवत जागेवर आणला: तीच तार उघडली, तिच्यातून वरचे स्वर ऐकू यायला लागले. सूर तोच, त्याचे पदर दिसायला लागले. पोटभर जेवलेला व्हॉल्व्ह थोडा ताणला की असंच काहीसं, पण फार हलक्या हाताने करतो. मूळ स्वरात आधी दुपटीचा स्वर मिसळतो, म्हणजे षड्जाला तार षड्ज. जास्त ताणलं की तिप्पट येतो, तो तार सप्तकातला पंचम. कानाला दोन्ही ओळखीचे, म्हणून तक्रार करत नाही.

अर्थात जवारीही जास्त उघडली की झणझणते.

[दृश्य: ताई डोळे मिटून ऐकतायत. मागे लेक बटणं बदलते.]

परीक्षा अशी घेतली. एकच ओळ, तीन डबे. माणूस एकच ओळ तीनदा गातो तेव्हा तीन वेगळी गाणी होतात, म्हणून प्रत्येकावर पाच-पाचदा. मग तिन्हींची पातळी मीटरवर तंतोतंत सारखी केली, कारण जरा मोठा वाजणारा डबा कानाला नेहमी चांगलाच वाटतो. दुकानातल्या निम्म्या तुलना इथेच फसतात. लेक कागदावर खुणा करत होती, आईला काही सांगत नव्हती.

पहिला डबा पहिल्याच फेरीत बाद. उरले इंटरफेस आणि लोखंडी डबा. मधल्या सप्तकात ताई दोनदा चुकल्या, इंटरफेसलाच व्हॉल्व्ह म्हणाल्या. तार सप्तकात मात्र एकदाही चुकल्या नाहीत. आणखी एक, जे कुणाला विकता येत नाही: माइक तोंडापासून चार बोटं लांब नेला आणि किंचित तिरका केला, तेव्हा पडलेला फरक तिन्ही डब्यांमधल्या फरकापेक्षा मोठा होता.

छोटा डबा परत गेला. लोखंडी डबा ताईंनी हप्त्यांवर घेतला.

[दृश्य: रात्र. घड्याळ साडेअकरा. पंखा थांबतो.]

पंखा बंद. फ्रिजचं बटण बंद. बाहेर एक रिक्षा गेली, तीही जाऊ दे. व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट तरी हवं, ताई वीस मिनिटं देतात. या डब्याला काचेची खिडकी नाही. आत काय पेटलंय ते दिसत नाही. ताई पत्र्यावर हाताचा तळवा ठेवतात.

[तळवा. मग तानपुरा. ताईंचा आवाज. निवेदन संपलं, चित्र चालू राहतं.]