बोटांशिवाय माउस

[दृश्य : औसा तालुक्यातलं एक कॉम्प्युटर सेंटर. अर्धं ओढलेलं शटर.]

मळणी यंत्रात बोटं गेलेली माणसं मराठवाड्यात शोधावी लागत नाहीत. या सेंटरच्या मालकांच्या उजव्या हाताची चार बोटं सोयाबीन काढतानाच गेली. तळहात आणि मनगट शाबूत आहे. पण माउस धरायला बोटं लागतात, आणि डावा हात कीबोर्डवर गुंतलेला.

समोरच्या फळीवर ठेवलेली ही काळी पट्टी म्हणजे किनेक्ट, अंतर मोजणारा कॅमेरा. मायक्रोसॉफ्टनं नोव्हेंबर २०१० मध्ये ती एक्सबॉक्स या व्हिडिओ गेमच्या यंत्रावरच्या खेळांसाठी आणली. त्याच महिन्यात हौशी प्रोग्रामरांनी ती साध्या कॉम्प्युटरला जोडून दाखवली. लातूरला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या पुतण्यानं ही जुन्या बाजारातून आणली.

हा कॅमेरा इन्फ्रारेड प्रकाशाचे हजारो ठिपके समोर फेकतो. ते आपल्याला दिसत नाहीत. वस्तू जवळ की लांब, त्याप्रमाणे ठिपके जागचे सरकतात आणि त्यावरून अंतर निघतं, सेकंदाला ३० वेळा. पुतण्याचं सॉफ्टवेअर एवढंच बघतं, की अंगाच्या पुढे, सगळ्यात जवळ काय आहे. तो हात. तो हलेल तसा कर्सर हलतो. त्याला बोटं किती, हे ते विचारतच नाही!

शटर अर्धं का? उन्हातही इन्फ्रारेड असतो. आपलं दुपारचं ऊन थेट आत आलं, की ठिपके त्यात बुडून जातात.

[दृश्य : पडद्यावर पीकविम्याचा अर्ज. कर्सर थरथरतोय.]

"काका, हात पुढं ढकलू नका. नुसता थांबवा."

खरी कसोटी क्लिकची. हात पुढे ढकलून क्लिक करायला जावं, तर तो थोडा खाली येतो आणि कर्सर बटणावरून घसरतो. म्हणून इथे बटणावर क्षणभर स्थिर राहणं हीच क्लिक. थरथर घालवायला कॅमेऱ्याच्या मागच्या काही चित्रांतल्या हाताच्या जागांची सरासरी काढतात. त्यात जास्त चित्रं धरली, तर कर्सर हाताच्या मागे रेंगाळतो. हा मेळ बसवण्यातच पुतण्याचा सगळा वेळ गेला.

खरिपाच्या विम्याची मुदत जवळ आली, की इथे रांग लागते. हात अधांतरी धरून खांदा भरून येतो. त्यामुळे आता कोपर टेबलावर टेकवलेलं असतं, आणि तळहात वीतभर हलला, की कर्सर पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो.